मीटर बदलला, मग मोजत बसलो: घरच्या स्मार्ट मीटरच्या नोंदी

वर्धा जिल्ह्यात धाम नदीच्या काठी आमचं गाव आहे. मी ग्रामपंचायतीत संगणक चालवतो. अर्ध्या गावाची वीजबिलं माझ्याच टेबलावरून भरली जातात, त्यामुळे मीटरवरची गावभरची बोंबाबोंब आधी माझ्या कानावर येते. "स्मार्ट मीटर लावू का नको" हे विचारायला रोज कोणीतरी यायचं आणि मला उत्तर देता यायचं नाही. आमच्या घरी मीटर बसला त्या दिवसापासून वही घातली. त्यातलं कामाचं तेवढं इथे उतरवून काढतो आहे, चुका धरून.

घरात आम्ही पाच जण. एक फ्रीज, एक टीव्ही, तीन पंखे, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, विहिरीवर अर्ध्या एचपीची मोटार. एसी नाही. शेतपंपाचं बिल वेगळं आहे आणि साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून ते माफ आहे, म्हणून हे सगळं घरच्या मीटरपुरतंच.

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

सकाळी साडेदहाला दोन पोरं आली. आईने आधी विचारलं, "रिचार्ज माराव लागते का याले?" मारावा लागत नाही. जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही असं जाहीर केलं होतं. आता बसतो तो पोस्टपेड, म्हणजे आधी वापरा आणि मग बिल भरा. आईची खात्री पटली नाही, पण तिने चहा ठेवला.

काम वीस मिनिटांत झालं. पैसे मागितले नाहीत. जुना मीटर काढताना मी शहाणपणाने त्याचा फोटो घेतला आणि त्यांच्या कागदावर सही केली. कागदावर काय लिहिलं आहे ते वाचलं नाही. या एका आळसाची किंमत पुढे येते.

३ ते ९ ऑगस्ट

दुसऱ्याच रात्री ट्यूब फडफडायला लागली. मिक्सर लावला की पंखा मंद व्हायचा. गावात व्होल्टेज असंच असतं म्हणून सोडून दिलं. ८ तारखेला ओसरीत जळक्या रबराचा वास आला. मीटरजवळ नाक नेलं तर वास तिथलाच. बॅटरी मारून पाहिलं तेव्हा मीटरच्या तळाशी येणाऱ्या काळ्या वायरचं आवरण बोटभर तपकिरी झालेलं आणि फुगून तडकलेलं दिसलं. मीटरखालच्या झाकणाला सील असतं. ते आपण फोडायचं नाही, फोडलं तर उलट आपल्यावरच बालंट. १९१२ वर तक्रार नोंदवली आणि मेन स्विच पाडून रात्रभर अंधारात झोपलो.

९ ला लाइनमन आले. न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा, स्क्रू त्यांच्या पेचकसाने चांगले दीड आटे फिरला. म्हणजे बसवताना तो नुसता टेकवलेला होता. जळलेला तुकडा कापून, तार पुन्हा सोलून त्यांनी घट्ट बसवली, सील नवं लावलं. ते म्हणाले, या महिन्यातली ही चौथी.

मीटर बसवणारी पोरं निघायच्या आधी त्यांच्यासमोर मिक्सर, इस्त्री, मोटार एकदम लावून दहा मिनिटं चालवा. ट्यूब फडफडली तर त्यांना जाऊ देऊ नका. मला हे सात दिवस उशिरा सुचलं.

१३ ते २४ ऑगस्ट

महावितरणच्या अॅपमध्ये नोंदणी करायला बसलो. मीटर दर अर्ध्या तासाचा वापर लिहून ठेवतो आणि तो अॅपात दिसतो, मला तेच हवं होतं. बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकला, ओटीपी पाठवल्याचा संदेश आला आणि ओटीपी काही येईना. दोन दिवस नेटवर्कला शिव्या दिल्या. मग लक्षात आलं की जोडणी बाबांच्या नावावर आणि मोबाइलही त्यांचाच दिलेला. बाबा २०२१ मध्ये गेले. त्यांचं सिम आम्ही कधीच बंद केलं. ओटीपी त्या नंबरावर जात होता.

नंबर बदलायला अर्ज, आधारची झेरॉक्स आणि तालुक्याला एक चक्कर. कचेरी १९ किलोमीटरवर. पोळा आणि तान्हा पोळा मध्ये आल्यामुळे ते दोन दिवस तसेच गेले. २४ ला अॅप उघडलं. २ ऑगस्टपासूनचे सगळे आकडे मीटरमध्ये साठलेले होते, ते दिसायला लागले. मीटरला नेटवर्क मिळालं नाही तरी नोंद जात नाही, नंतर एकदम वर येते. आमच्याकडे टॉवर बंद पडून तीन दिवस अॅपात कोरं दिसलं होतं, चौथ्या दिवशी भरून आलं.

१९ ऑगस्ट (ही नोंद वरच्या मधेच घडली, पण गोष्ट वेगळी म्हणून वेगळी लिहितो)

मीटर बदलल्यानंतरचं पहिलं बिल नऊ हजारांच्या वर. आमचं बिल दीड हजाराच्या आसपास असतं.

बिलावर जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग ०९८८४ होतं. त्याआधीच्या बिलात, १४ जुलैचं, ०९३०२. म्हणजे १९ दिवसांत ५८२ युनिट. आमच्या घरात तेवढी वीज जाळायची तर ओसरीत वेल्डिंगचं दुकान टाकावं लागेल. खरं रीडिंग ०९३८४ असणार, ३ चा ८ झालेला. फोटो होता ना! काढून पाहिला तर फ्लॅशचा पांढरा ठिपका नेमका तिसऱ्या आकड्यावर. ज्या कागदावर मी सही केली होती त्यावरही ८ च लिहिलेला.

कचेरीत पहिल्या फेरीत "सही तुमचीच आहे ना" एवढंच ऐकायला मिळालं. दुसऱ्या फेरीत साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या फेरीला मागच्या बारा महिन्यांची बिलं घेऊन गेलो, दर महिन्याचा रोजचा सरासरी वापर कागदावर मांडला: ४.१ ते ४.६ युनिट, एकदाही त्यापुढे नाही. टेबलापलीकडच्या बाईंनी तो कागद शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, हे आधी का नाही आणलं. ६ सप्टेंबरला दुरुस्त बिल हातात आलं. १८ दिवस, तीन फेऱ्या, पेट्रोल आणि दीड दिवसाची बिनपगारी रजा.

तेव्हा फोटो फ्लॅश बंद करून, तिरका धरून, दोन-तीन घ्या. आणि सही करायच्या आधी कागदावरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवायला लावा.

३० ऑगस्ट

गावात एकच चर्चा, नवा मीटर पळतो. ग्रामपंचायतीसमोर बसणाऱ्या मंडळींनी मलाच आव्हान दिलं, तू मोजून दाखव. दाखवतो म्हटलं.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ आमच्या मीटरवर ३२०० लिहिलं आहे, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करून एकच वस्तू लावायची आणि एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं.

पहिला प्रयोग इस्त्रीवर केला, १००० वॅट. आकडा दर मिनिटाला वेगळा येई. कारण अगदी साधं होतं: इस्त्री तापली की आतून आपोआप बंद होते. माझ्यासकट सहा जण अर्धा तास डोकं खाजवत होते, बायकोने येऊन सांगितलं.

दुसरा प्रयोग पाणी तापवायच्या रॉडवर, १५०० वॅट. मोबाइलवर संथ व्हिडिओ काढला आणि मोजलं. हिशेबाने मिनिटाला ८० यायला हवेत, आले ५७. म्हणजे मीटर पळत नाही, उलट रेंगाळतो! मंडळी खूश. दोघांनी तर आपला मीटरही असाच हळू करून देतो का म्हणून विचारलं.

रात्री जेवताना खटकलं. मीटरच्या पडद्यावर आकडे आलटून-पालटून येतात, त्यात व्होल्टेजही असतं. संध्याकाळी सातला, रॉड लावला तेव्हा, ते १९५ होतं. रॉडवरचे १५०० वॅट हे २३० व्होल्टला. व्होल्टेज पडलं की रॉडची ताकद वर्गाच्या हिशेबाने पडते: १९५ भागिले २३०, त्याचा वर्ग, गुणिले १५००, आले १०७८ वॅट. १०७८ ला मिनिटाला साडेसत्तावन लुकलुकी होतात. मी ५७ मोजले होते. रात्री बाराला पुन्हा बादलीत रॉड टाकला. व्होल्टेज २३८, हिशेबाने ८६ हवेत, मोजले ८५. रॉडवरचा आकडा काही सोनाराच्या काट्यावर तोललेला नसतो, तरी एवढं जुळलं म्हणजे मीटर सरळ आहे.

दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तर कोणालाच आवडलं नाही.

१६ सप्टेंबर

१४ ऑगस्ट ते १३ सप्टेंबरचं पहिलं नीट बिल आलं, १३७ युनिट. गेल्या वर्षी याच महिन्यात १३१. फरक नसल्यात जमा.

माझ्या टेबलावर आलेल्या बिलांपैकी नवा मीटर बसलेल्या अकरा घरांची गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना केली, त्यांना विचारूनच. सहा घरांत दहा युनिटांच्या आतला फरक. दोन घरांत कमी आलं. तीन घरांत वाढलं. त्या तिघांपैकी एकाचा जुना मीटर वर्षभर बंद पडलेला होता आणि सरासरीवर बिल येत होतं. ते बिल कमी यायचं म्हणून त्याने कधी तक्रार केली नव्हती, हे त्याने नंतर हळू आवाजात सांगितलं. दुसऱ्याकडे यंदा मुलीच्या बाळंतपणासाठी माणसं वाढली होती. तिसरा आमचाच दादा.

दादा म्हणजे मोठेबांचा, बाबांच्या थोरल्या भावाचा, मुलगा. आमची घरं एकाच भिंतीला लागून आहेत. २०११ मध्ये वाटणी झाली, विहीर आणि गोठा सामाईक राहिला. दादाचा जुना मीटर चकरीचा होता. गेल्या वर्षी ८४ युनिट, यंदा १०९. आता शंभराच्या पुढे गेलं की पुढच्या युनिटांचा दर जवळजवळ दुप्पट होतो. वहन आकार (वीज पोचवायचे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्क धरून शंभराच्या आतलं युनिट आम्हाला सात रुपयांच्या आत-बाहेर पडतं, पुढचं बारा-तेराला. दादाला सव्वादोनशे रुपयांचा फटका बसला.

"काऊन रे, तुह्या घरचं बिल तेवढंच अन् माह्यंच कसं वाढलं?"

"दादा, मी मोजलं, मीटर बरोबर आहे."

"तुह्या मीटरचं सांगू नको मले. माह्या मीटरवर एक लाल दिवा रात्रंदिवस जळून रायला. तुह्या मीटरवर जळते का?"

आमच्याही मीटरवर, लुकलुकणाऱ्या दिव्याखेरीज, तसा दिवा आहे, पण तो सकाळी तासभर आणि रात्रीच लागतो. दोघांनाही वाटत होतं की तो मीटर चालू असल्याचा दिवा. तेव्हा मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दादाने अर्ज द्यायचं ठरवलं. ग्राहक हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये जी दुरुस्ती झाली, त्यात रीडिंगबद्दल तक्रार आली तर पाच दिवसांत जोड-मीटर (ताडून पाहायला शेजारी दुसरा मीटर) लावून किमान तीन महिने पडताळणी करायची असं आहे. मी अर्ज लिहून दिला. खिडकीवर हा नियम ऐकलेला कोणी नव्हतं, पण शिक्का मारून पोच दिली. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये.

१७ सप्टेंबर

दादाचं राहिलं बाजूला, मला आमच्याच घरात एक भूत सापडलं.

११ तारखेला सगळे निंदणाला गेलो होतो, घराला कुलूप. सकाळी दहा ते चार या सहा तासांत अॅपवर ०.७२ युनिट. म्हणजे रिकाम्या घरात सतत १२० वॅट चाललेले. फ्रीजचे सरासरी पन्नास, टीव्हीचा डबा आणि वायफाय मिळून वीस. मग उरलेले पन्नास कोणाचे?

आज दुपारी एकटाच बसलो. फ्रीजचा प्लग काढला, दिवे-पंख्यांची सगळी बटणं बंद केली आणि स्टूल घेऊन मीटरसमोर घड्याळ धरून बसलो. दिवा दर साडेसतरा सेकंदांनी लुकलुकत होता, म्हणजे ६४ वॅट. (आमच्या ३२०० च्या मीटरला ११२५ ला सेकंदांनी भागायचं, वॅट मिळतात.) डबा आणि वायफाय काढलं तर अंतर पंचवीस सेकंदांवर गेलं, ४५ वॅट. आता घरात लावलेलं काहीच नव्हतं. मोबाइलचा चार्जर होता, तोही काढला, एक सेकंदाचाही फरक नाही. मग बेडरूमच्या कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरचा प्लग ओढला. परत येऊन पाहिलं. एक मिनिट, दोन मिनिटं, चार मिनिटं. दिवा लुकलुकलाच नाही.

बॅटरी २०१८ ची. जुनी बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही, म्हणून इन्व्हर्टर तिला दिवसरात्र पाजत बसतो. ४५ वॅट गुणिले २४ तास, महिन्याला ३२-३३ युनिट. आमच्या बिलाचा पाव हिस्सा, आणि शंभराच्या पुढच्या महागड्या युनिटांतला जवळपास सगळा. हे जुन्या मीटरवरही चालूच असणार, पण जुना मीटर महिन्याला एक आकडा सांगायचा. त्या एका आकड्यातून हे कधी कळलं नसतं.

त्याच झटक्यात देवघरातला झिरोचा बल्बही मोजला. ऐंशी सेकंदांना एक लुकलुकी, म्हणजे १४ वॅट. नाव झिरो! अर्ध्या वॅटचा एलईडी लावला, पंचवीस रुपये. आईला त्याचा उजेड "मेल्यासारखा" वाटतो.

२१ सप्टेंबर, रविवार

दादाच्या ओसरीतला होल्डर बदलायचा म्हणून त्याने आपला मेन स्विच पाडला. जुना, लोखंडी, हँडलवाला. तेवढ्यात आमच्या विहिरीची मोटार बंद पडली. आई ओरडली, "लाइन गेली का?" आमच्या घरात पंखा फिरत होता.

दादाचा मेन चढवला, मोटार सुरू. पाडला, बंद. आमचा मेन पाडला, तरीही बंद. मोटारीला दोन्ही घरांची वीज लागत होती.

वायरमनला बोलावलं. गोठ्याच्या आढ्यात त्याने वायर शोधली. २०११ मध्ये वाटणीच्या वेळी कोणीतरी मोटार आणि गोठ्याचा दिवा आमच्या बोर्डावर जोडला, पण एक तार अपुरी पडली असावी. फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आमच्या घरातून घेतलेली आणि न्यूट्रल पलीकडच्या दादाच्या बोर्डातून. वरून चिकटपट्टी, तिच्यावर चौदा वर्षांचं जाळं.

दादाचं बिल का वाढलं ते मग उलगडलं. चकरीचा मीटर फक्त फेजमधून गेलेला प्रवाह मोजायचा. नवा मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडे पाहतो, आणि दोघांत फरक दिसला तर जो जास्त असेल त्यावर युनिट लावतो. चोरी पकडण्यासाठी ही सोय असते. आमच्या मोटारीचा प्रवाह आमच्या फेजमधून जायचा, तो आमच्या मीटरने मोजला. परत जाताना तो दादाच्या न्यूट्रलमधून जायचा, तो दादाच्या नव्या मीटरने मोजला. एकच पाणी, दोन बिलं. रोज मोटारीचं अर्धं युनिट आणि गोठ्याच्या दिव्याचं पाव-सव्वापाव, महिन्याला पंचवीस. १०९ वजा ८४. पंचवीस.

तो लाल दिवाही त्याचाच. फेज-न्यूट्रलचा हिशेब जुळत नाही, हे सांगणारा. आमचा दिवा मोटार चालताना आणि गोठ्यात उजेड असतानाच लागायचा, तो याच्यामुळे. दादाचा मात्र "रात्रंदिवस" लागायचा याचं कारण आणखी एक निघालं: त्याच्या न्हाणीघरातल्या ओल्या भिंतीत एक उघडी तार होती, ती जमिनीत वीज सोडत होती.

वायरमन मात्र हिशेबावर बोलला नाही. त्याने दादाकडे बघून एवढंच विचारलं, "मेन पाडून तुम्ही होल्डरले हात लावत होते?" मेन पाडल्यावर दादाचा न्यूट्रल सुटा व्हायचा, आणि मोटारीतून किंवा दिव्यातून आमची फेज त्याच्यात उतरायची. ज्या तारेला दादा मेलेली समजत होता तिच्यात पूर्ण दाबाची वीज. मोठी आई दारात उभी होती, ती काही न बोलता आत जाऊन बसली.

तुमच्याकडे वाटण्या झालेली घरं असतील, आणि ती सगळीकडे आहेत, तर नवा मीटर बसायच्या आधी हा एक प्रयोग करा. आपला मेन पाडून पाहा, शेजारच्या भावाचं काही बंद पडतं का. त्याचा पाडून पाहा, आपलं काही बंद पडतं का.

२३ सप्टेंबर

नवी दोन-तारी वायर ३५ मीटर, १,७५० रुपये. मजुरी ६००. मोटार आणि गोठा पूर्ण आमच्या मीटरवर घेतला. वायरमनच्या सांगण्यावरून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावला, म्हणजे वीज कुठे गळली की आपोआप पडणारा स्विच, १,८५०. तो लावल्या लावल्या पडला. पुन्हा चढवला, मोटार लावली, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा मी वैतागून तो काढायलाच सांगणार होतो. विहिरीच्या काठावरचा मोटारीचा जोड उघडला तर चिकटपट्टीखाली हिरवट पाणी. नवा जोड मारला, मग टिकला. दादाच्या न्हाणीघरातली तार त्याने स्वतः बदलून घेतली.

जोड-मीटरचा अर्ज मागे घेतला. तसाही तोपर्यंत कोणी आलं नव्हतं.

२८ सप्टेंबर

इन्व्हर्टरवर माझा हुशारीचा प्रयोग आणि त्याची फजिती.

नवी बॅटरी महाग, म्हणून १७ तारखेपासून इन्व्हर्टरला बटण लावून रोज अकरा ते तीनच चार्जिंग करायचं ठरवलं. दिवसाच्या वेळेत युनिटाला सवलतही आहे. बटणाची जबाबदारी आईकडे. चार दिवस चाललं, मग सोयाबीनच्या घाईत दोन दिवस राहून गेलं. काल रात्री विजांचा पाऊस आला, नवाला लाइन गेली. इन्व्हर्टर बारा मिनिटं चालला. पोरीची गणिताची चाचणी तोंडावर. मेणबत्ती शोधताना आईने विचारलं, "लाइन गेल्यावर चालत नाही, मंग थो ठेवला कायले?"

प्रश्नाला उत्तर नव्हतं.

४ ऑक्टोबर

बॅटरी घेतली. जुनी परत देऊन ११,४०० रुपये. लावून दोन दिवसांनी पुन्हा स्टूलावर बसलो: इन्व्हर्टर आता दहा-अकरा वॅटवर. महिन्याला पंचवीस युनिटांच्या आसपास वाचतील, तेही महागड्या टप्प्यातले, म्हणजे तीनशे रुपये. बॅटरीचे पैसे फिटायला तीन वर्षांच्या वर लागतील. पण ती आज ना उद्या घ्यावीच लागणार होती.

१७ ऑक्टोबर

आता ज्या सवलतीचा गाजावाजा आहे तिचा हिशेब. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सूट सुरू झाली, २०२५-२६ साली ती युनिटामागे ८० पैसे होती.

पहिल्या महिन्यात आम्ही काहीही बदल केला नव्हता. त्या वेळेत ४२ युनिट पडले, सूट ३३ रुपये ६० पैसे. काही न करताही एवढी मिळते, कारण फ्रीज चोवीस तास चालतो आणि त्यातले आठ तास सवलतीचे.

दुसऱ्या महिन्यात मोटार सकाळी सहाऐवजी दहाला लावली, वॉशिंग मशीन आणि इस्त्री दुपारी, इन्व्हर्टर अकरा ते तीन. यावरून घरात दोनदा वाजलं. सवलतीच्या वेळेत ५० युनिट, सूट ४० रुपये.

फायदा सहा रुपये चाळीस पैसे.

त्यानंतर मी घरात हा विषय काढलेला नाही. खेड्यातलं घर नऊ ते पाच रिकामं असतं. माणसं वावरात, पोरं शाळेत. मिक्सर, नळाच्या वेळेची मोटार, चहा-स्वयंपाक पहाटे, टीव्ही-पंखे रात्री. नळाला पाणी सहाला येतं, ते काही ८० पैशांसाठी दहाला येणार नाही. ज्यांचं किराणा दुकान घरच्याच मीटरवर आहे (आहेत, मी नावं घेत नाही) किंवा ज्यांच्याकडे दिवसभर शिलाई चालते, त्यांना जास्त मिळेल. उन्हाळ्यात दुपारचा कूलर या वेळेत बसेल, पण रात्रीचा बसणार नाही, आणि मे महिन्यात आमच्याकडे कूलर रात्रीही बंद होत नाही. तो हिशेब मे मध्येच कळेल.

१४ सप्टेंबर ते १३ ऑक्टोबरचं बिल ११७ युनिट.

२९ ऑक्टोबर

वाईट बाजूही लिहायला हवी. या मीटरची वीज दुरून तोडता येते. आमच्या वस्तीतल्या एका घराची थकबाकी होती, दिवाळीनंतर सकाळी घरी कोणी न येता लाइन बंद. थकबाकीसाठी तोडायच्या आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, वीज कायदा २००३, कलम ५६. नोटीस मिळालीच नाही असं घरचे म्हणतात, मोबाइलवर पाठवली असं कचेरी म्हणते. तो मोबाइल पुण्याला असलेल्या मुलाचा. पैसे माझ्याच टेबलावर भरले, दोन तासांत वीज परत आली, तीही कोणी न येता. पूर्वी लाइनमन दारात यायचे तेव्हा "दोन दिवस थांबा, कापूस विकला की भरतो" असं म्हणायला समोर माणूस असायचा.

९ नोव्हेंबर

१४ ऑक्टोबरपासून आजपर्यंतच्या २७ दिवसांत ९२ युनिट. महिनाअखेर १०५ च्या जवळ जाईल. १३७ वरून १०५. सगळं श्रेय बॅटरीला देत नाही, थंडी पडायला लागली आणि पंखे बंद झाले.

आतापर्यंतचा खर्च: वायर, मजुरी, आरसीसीबी मिळून ४,२००, बॅटरी ११,४००, एलईडी २५. तालुक्याच्या चार फेऱ्या. मीटरने आपणहून दिलं ते महिन्याला तीस-चाळीस रुपये. बाकीचं स्टूलावर बसून शोधावं लागलं. मला कोणी विचारलं तर मी मीटर लावून घ्या म्हणतो, पण रिकाम्या घराचे आकडे बघायला कोणी नसेल तर फार आशा धरू नका असंही सांगतो.

दादाचं बिल परत ८५ वर आलं. त्याच्या मीटरवरचा दिवा विझला. आता नवीन भांडण: मोटार आणि गोठा पूर्ण आमच्या मीटरवर, महिन्याला चोवीस-पंचवीस युनिट, पाणी दोघांचं. खरं तर २०११ पासून ते सगळं आमच्याच बिलात येत होतं, पण ते कोणाला माहीत नव्हतं. निम्मे, म्हणजे बारा युनिटांचे पैसे दादाने द्यावे हे ठरलं. दादा म्हणतो सात रुपयांनी, कारण त्याला वीज सातने पडते. मी म्हणतो तेराने, कारण ही युनिटं नसती तर मी शंभराच्या आत असतो. दोघेही वही घेऊन बसलो होतो. आईने आतूनच सांगितलं, पैसे ठेव तुह्यापाशी, म्हशीचं दूध धाडत जा.

रोज अर्धा लिटर येतं. बाबांच्या नावावरची जोडणी आईच्या नावावर करायचा अर्ज मात्र अजून दिलेला नाही. मृत्यूचा दाखला शोधतो आहे.